शर्यत संपल्यानंतरची वर्षे

ग्रेहाउंड कुत्र्याची शर्यत साधारण तीस सेकंदांत आटोपते. पाचशे मीटरच्या आसपासचे अंतर, वळणे असलेली वाळूची धावपट्टी, रुळावरून पुढे पळणारा यांत्रिक ससा आणि त्याच्या मागे आयर्लंड-ब्रिटनमध्ये सहा, ऑस्ट्रेलियात बहुधा आठ कुत्रे. दीड वर्षाचा झाला की कुत्रा शर्यतीत उतरतो आणि चार-साडेचार वर्षांचा होईतो, पुष्कळदा त्याआधीच, त्याचे धावणे संपते. नीट सांभाळला तर तो बारा-तेरा वर्षे जगतो. परवाने, पंच, उत्तेजकांसाठी लघवीची तपासणी, फोटो-फिनिश हा सगळा सरंजाम त्या तीस सेकंदांसाठी असतो. आधीचे दीड वर्ष आणि नंतरची आठ-नऊ वर्षे यांचा हिशेब कोणी ठेवायचा? या धंद्यावरच्या सरकारी देखरेखीचा इतिहास पाहताना मला हाच प्रश्न कळीचा वाटत आला आहे. त्याला आणखी एक प्रश्न जोडलेला आहे. ज्या सरकारने हिशेब मागायचा, त्याच सरकारची तिजोरी या धंद्याला पैसा पुरवत असेल, तर हिशेब मागण्याची धार उरते का?

या खेळाचे आजचे रूप अमेरिकेतले. ओवेन पॅट्रिक स्मिथ या माणसाने खऱ्या सशाऐवजी यांत्रिक ससा आणला आणि १९१९ साली कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल येथे त्यावर शर्यती सुरू झाल्या. जुलै १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधली पहिली शर्यत झाली आणि पाहता पाहता हा कामगारवर्गाचा संध्याकाळचा विरंगुळा बनला. घोड्यांची शर्यत दुपारी, शहराबाहेर आणि उच्चभ्रूंची. कुत्र्यांची शर्यत दिवेलागणीनंतर, वस्तीलगत, गिरणीतून सुटलेल्या माणसाला परवडणारी. हा वर्गाचा संदर्भ विसरून चालणार नाही. पुढे बंदीच्या प्रत्येक प्रस्तावावर 'गरिबाच्या खेळावरच तुमचा डोळा का' हा सवाल आला आहे आणि तो खोटा नाही.

सरकार यात शिरले ते पैजेच्या मागोमाग. पैज आली की फसवणूक आली, फसवणूक आली की नियम आले आणि नियमांसोबत करही आला. सुरुवातीची जवळजवळ सगळी देखरेख पैज लावणाऱ्याला वाचवण्यासाठी होती. कुत्रा बदलून दुसराच उतरवला जाऊ नये, त्याला पाणी पाजून जड करू नये, टोटच्या, म्हणजे पैजेच्या सामायिक गल्ल्याच्या, पैशांत अफरातफर होऊ नये, अशी ती कलमे. कुत्र्याचे हित हा विषय कायद्यात फार उशिरा आला. पायाच असा घातला गेल्यामुळे नंतर वर चढवलेले प्राणीहिताचे मजले डगमगत राहिले.

आयर्लंडचे उदाहरण सर्वांत बोलके. तिथे १९५८ च्या कायद्याने 'बोर्ड ना गकॉन' हे सरकारी मंडळ स्थापन झाले. नियम करणे, परवाने देणे, खेळाचा प्रसार करणे, टोट चालवणे आणि कित्येक मैदानांची मालकीही, सगळे याच मंडळाकडे. २००१ च्या कायद्याने घोडे आणि ग्रेहाउंड यांच्यासाठी एक निधी उभा राहिला, त्यातले ८० टक्के घोड्यांना आणि २० टक्के कुत्र्यांना. निधीची सांगड मुळात पैजेवरच्या कराशी होती, पण कर आटला तेव्हा सर्वसाधारण तिजोरीतून भर घातली गेली. २०२५ साली निधी सुमारे ९ कोटी ९१ लाख युरोंचा होता आणि त्यातले १ कोटी ९८ लाख ग्रेहाउंडच्या वाट्याला आले. मंडळाने २०१० मध्ये लिमरिकला मोठे नवे मैदान बांधले, कर्ज डोक्यावर बसले आणि ते फेडण्यासाठी डब्लिनचे हॅरल्ड्स क्रॉस मैदान २०१७ साली बंद करून शिक्षण खात्याला २ कोटी ३० लाख युरोंना विकावे लागले. सरकारी मंडळाच्या चुकीच्या बांधकामाची किंमत सरकारच्याच दुसऱ्या खात्याने जमीन घेऊन चुकवली, असा हा व्यवहार.

पैशांपेक्षा गंभीर बाब पुढे आली. मंडळाने स्वतःच २०१७ मध्ये एक अहवाल करवून घेतला होता. धंद्याला लागतात त्याहून कितीतरी जास्त पिल्ले जन्माला घातली जातात आणि पुरेसे वेगवान नाहीत म्हणून वर्षाला सुमारे ६,००० कुत्रे मारले जातात, असा त्यात अंदाज होता. अहवाल लोकांपुढे ठेवला गेला नाही. जून २०१९ मध्ये आरटीई या सार्वजनिक दूरचित्रवाणीने तो बाहेर काढला, तेव्हा देश हादरला आणि प्रायोजक मागे हटले. त्याच वर्षी नवा कायदा आला, कुत्र्याचा जन्मापासून माग ठेवण्याची तरतूद झाली आणि पुढच्या वर्षी मंडळाचे नाव बदलून 'रासाइओख्त कॉन एरन' झाले. अनुदान मात्र चालू राहिले. समर्थक म्हणतात की मंडळाने मागवलेल्या आर्थिक पाहणीनुसार चार हजारांहून अधिक पूर्ण-अर्धवेळ रोजगार यावर आहेत आणि बहुतेक मालक ग्रामीण भागातले साधे लोक आहेत. ते खरे धरले तरी मूळ गोष्ट बदलत नाही. ज्या संस्थेचे यश तिकिटांच्या खपावर मोजले जाते, तिच्या कपाटात ६,००० मृत्यूंचा अंदाज दोन वर्षे पडून राहिला. ही एखाद्या अधिकाऱ्याची वाईट वृत्ती म्हणून सोडून देता येत नाही. रचनाच अशी होती की तो अहवाल उघड करणे म्हणजे स्वतःच्या दुकानावर दगड मारणे ठरले असते.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात हा प्रश्न सर्वांत सखोल तपासला गेला आणि सर्वांत नाट्यमय रीतीने उलटलाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये एबीसी या सार्वजनिक वाहिनीच्या 'फोर कॉर्नर्स' कार्यक्रमाने छुपे चित्रण दाखवले. सरावाच्या वेळी जिवंत पॉसम, ससे, डुकराची पिल्ले यांत्रिक सशाच्या जागी बांधून कुत्र्यांपुढे फिरवली जात होती. हे कायद्याने गुन्हा होते आणि नियामक संस्थेचे निरीक्षक वर्षानुवर्षे त्या परिसरात वावरत होते. सरकारने उच्च न्यायालयाचे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पीठाचे, माजी न्यायमूर्ती मायकल मॅकह्यू यांचा चौकशी आयोग नेमला. जून २०१६ चा त्यांचा अहवाल मला या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो, कारण त्यांनी शर्यतीच्या रात्रीपुरते न पाहता कुत्र्याच्या जन्मापासूनची बेरीज मांडली. बारा वर्षांत राज्यात ९७,७८३ ग्रेहाउंड जन्मले आणि त्यांतले किमान ४८,८९१, कदाचित ६८,४४८ पर्यंत, केवळ शर्यतीच्या लायकीचे नाहीत म्हणून मारले गेले, असा निष्कर्ष निघाला. धावपट्टीवरच्या जखमांचे गांभीर्य नियामक संस्था जाणूनबुजून कमी करून सांगत होती, हेही नोंदले गेले. ही संस्था, ग्रेहाउंड रेसिंग एनएसडब्ल्यू, धंदा वाढवण्याचेही काम करत होती आणि त्यावर पहाराही देत होती. आयर्लंडचेच चित्र.

७ जुलै २०१६ ला मुख्यमंत्री माइक बेअर्ड यांनी बंदी जाहीर केली, ऑगस्टमध्ये कायदाही झाला आणि १ जुलै २०१७ पासून शर्यती थांबणार होत्या. मग ग्रामीण भाग उसळला. सिडनीतल्या लोकांनी आमच्या जगण्यावर घाला घातला, चार वाईट माणसांसाठी सगळ्यांना शिक्षा, अशी भावना होती आणि काही वृत्तपत्रांनी ती पेटती ठेवली. ११ ऑक्टोबरला बेअर्ड यांनी निर्णय मागे घेतला. तरीही पुढच्या महिन्यात ऑरेंज मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत, जिथे सत्ताधारी आघाडीतल्या नॅशनल पक्षाची पकड जवळपास सत्तर वर्षांची होती, तो पक्ष थोडक्या मतांनी हरला. उपमुख्यमंत्री ट्रॉय ग्रांट यांना पक्षाचे नेतेपद सोडावे लागले आणि जानेवारी २०१७ मध्ये बेअर्डही राजकारणातून बाहेर पडले. त्यानंतर जगभरच्या मंत्र्यांनी यातून एकच धडा घेतला की या कुत्र्याच्या शेपटीवर पाय देऊ नये. मला वाटते, धडा दुसरा होता. बंदीआधी धंद्यातल्या छोट्या माणसाचे पुढे काय, हे ठरवून त्याच्याशी बोलणे झाले नव्हते. ग्रेहाउंड पाळणारा निवृत्त खाणकामगार आणि हजारो पिल्ले जन्माला घालणारा मोठा पैदासकार यांना एकाच काठीने हाकले, की छोटा मोठ्याच्या बाजूने उभा राहतो.

माघारीनंतर देखरेख वेगळी काढण्यात आली. जुलै २०१८ पासून ग्रेहाउंड वेल्फेअर अँड इंटिग्रिटी कमिशन हा स्वतंत्र आयोग काम करू लागला आणि जुनी संस्था फक्त व्यवसाय पाहू लागली. धावपट्ट्या सुरक्षित करण्यासाठी सरकारने ३ कोटी डॉलरचा निधी ठेवला. याच काळात सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने जखमा कुठे आणि कशा होतात याचा अभ्यास केला. पहिल्या वळणावर कुत्रे एकमेकांवर आदळतात, म्हणून सरळ धावपट्टी असावी, आठऐवजी सहा कुत्रे धावावेत, आमिष कुत्र्यांपासून अधिक लांब आणि मध्याकडे असावे, असे त्यांनी सुचवले. डाव्या हाताला वळत राहिल्याने उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर येणारा ताण पशुवैद्यकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. उपाय माहीत असूनही ते सगळीकडे लागू झाले नाहीत, कारण आठ कुत्र्यांच्या शर्यतीत पैजेचे पर्याय जास्त आणि म्हणून उलाढालही जास्त. आणि वेगळा आयोग असूनही २०२४ साली व्यावसायिक संस्थेच्याच मुख्य पशुवैद्यकाने जाताना लिहिलेल्या टिपणात कुत्र्यांच्या हालांबद्दल इतके गंभीर आरोप केले की तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावे लागले आणि पुन्हा एक चौकशी बसली. माझ्या मते याचे कारण उघड आहे. पहारेकरी वेगळा केला, पण पिल्लांची संख्या शर्यतींच्या गरजेवरून आणि शर्यतींची संख्या पैजेच्या वेळापत्रकावरून ठरत राहिली. त्या वेळापत्रकाला हात लावण्याची ताकद आयोगाकडे नव्हती.

इथे धंद्याच्या बाजूची एक तक्रारही नोंदवायला हवी. राज्यातल्या टॅब या पैज-संस्थेचे खासगीकरण झाले तेव्हा घोडे, हार्नेस (घोडागाडीच्या शर्यती) आणि ग्रेहाउंड यांच्यात पैसे वाटण्याचा दीर्घ मुदतीचा करार झाला. त्यात ग्रेहाउंडच्या वाट्याला सुमारे १३ टक्के आले. प्रत्यक्षात कुत्र्यांवरच्या पैजेचा हिस्सा त्याहून बराच वाढला. म्हणजे कुत्र्यांनी मिळवलेला पैसा घोड्यांकडे जात होता आणि कुत्र्यांच्या पुनर्वसनासाठी पैसा नाही असे सांगितले जात होते. हे अन्याय्य आहे, यात शंका नाही.

ब्रिटनमध्ये थेट अनुदान नाही. तिथली ग्रेहाउंड बोर्ड ऑफ ग्रेट ब्रिटन ही स्वनियामक संस्था २००९ मध्ये आधीची नियामक आणि व्यावसायिक अशा दोन संस्था एकत्र करून बनली. जे आयर्लंडमध्ये कायद्याने झाले, ते इथे संगनमताने झाले म्हणायचे. घोड्यांच्या शर्यतींना पैज-कंपन्यांकडून कायद्याने सक्तीची पट्टी मिळते. ग्रेहाउंडना मिळते ती ऐच्छिक, उलाढालीच्या ०.६ टक्के, आणि द्यायची की नाही हे कंपनी ठरवते. कल्याणाचा खर्च ज्याच्या मर्जीवर, त्याच्यापुढे नियामक किती ताठ उभा राहणार? सरकारचा वाटा म्हणजे २०१० ची नियमावली: मैदानावर पशुवैद्यक हवा, कुत्र्याला मायक्रोचिप हवी, जखमांची नोंद हवी. ती येण्यामागे २००६ साली उघड झालेली एक घटना होती. डरहॅम परगण्यात एक माणूस दर कुत्र्यामागे दहा पौंड घेऊन नको असलेले ग्रेहाउंड मारून जमिनीत पुरत होता आणि पंधरा वर्षांतला आकडा १०,००० पर्यंत असावा, असे वृत्त आले. इतके कुत्रे नाहीसे होतात आणि एकाही नोंदवहीला पत्ता लागत नाही.

२०१८ पासून ब्रिटिश मंडळ आकडे प्रसिद्ध करते, हे मी मोठे पाऊल मानतो. त्या वर्षी ४,९६३ जखमा आणि धावपट्टीवर २४२ मृत्यू झाले. २०२४ मध्ये जखमा ३,८०९ आणि धावपट्टीवरचे मृत्यू १२३. घट खरी आहे, पण २०२३ मध्ये मृत्यू १०९ होते, म्हणजे घसरण थांबून आकडा पुन्हा चढला. २०२० पासून कुत्र्याच्या नोंदणीच्या वेळीच एक ठेव, सुरुवातीला ४०० पौंडांची, बाजूला काढली जाते, निम्मी मालकाची आणि निम्मी मंडळाची. कुत्रा मान्यताप्राप्त निवाऱ्यात गेला की ती रक्कम त्या निवाऱ्याला मिळते. पैसा संस्थेला न देता त्या एका कुत्र्याच्या नावावर बांधायचा, ही कल्पना मला आतापर्यंतच्या सर्व सुधारणांत सर्वांत शहाणी वाटते. अडचण अशी की ब्रिटनमध्ये धावणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुसंख्य, पाचांतले चार, आयर्लंडमध्ये जन्मलेले असतात. आयरिश वहीतून नाव गेले आणि ब्रिटिश वहीत आले नाही, असे जे कुत्रे, त्यांच्यासाठी कोणतीच ठेव नाही. वेल्समध्ये एकच मैदान उरले होते; तिथली शर्यत संपवण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली आणि सप्टेंबरमध्ये विधेयकही मांडले गेले.

अमेरिकेत सरकारी मदतीचे वेगळेच रूप दिसते. १९९० नंतर कुत्र्यांवरची पैज ओसरू लागली, तेव्हा मैदानांना कॅसिनो आणि पोकरचे परवाने दिले गेले, पण अट घातली: शर्यती चालू ठेवल्या तरच जुगाराचे टेबल. रिकाम्या बाकांपुढे कुत्रे धावत राहिले, कारण कायद्याने ते धावणे भाग होते. आयोवात कॅसिनोवाल्यांनी यातून सुटण्यासाठी २०१४ च्या कायद्यानुसार धंद्याला ७ कोटी २० लाख डॉलर देणे पत्करले. फ्लोरिडात नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यघटनेतल्या दुरुस्तीवर मतदान झाले, ६० टक्के मते लागत होती, ६९ टक्के मिळाली आणि २०२० अखेर शर्यती संपल्या. देशातली सतरापैकी अकरा मैदाने त्या एका राज्यात होती. आता व्यावसायिक शर्यती उरल्या त्या वेस्ट व्हर्जिनियात, दोन मैदानांवर. दोन्हींची मालक कंपनी एकच, आणि तिचा कॅसिनो चालू राहण्यासाठी कुत्रे धावणे आवश्यक. २०१७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने निधी काढून घेण्याचे विधेयक मंजूर केले, गव्हर्नर जिम जस्टिस यांनी नकाराधिकार वापरला. रोजगार जाईल, हे कारण. वर्षाला दीड कोटी डॉलरच्या घरातला हा आधार काढला तर शर्यत एक हंगामही टिकणार नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

न्यूझीलंडने याउलट फार संयमाने काम केले. २०१३, २०१७ आणि २०२१ असे तीन आढावे झाले. २०१७ चा रॉडनी हॅन्सन यांचा आणि २०२१ चा सर ब्रूस रॉबर्टसन यांचा, असे दोन्ही अहवाल हेच सांगत राहिले की माहिती अपुरी आहे, धंदा उघडपणे वागत नाही. जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र रेसिंग इंटिग्रिटी बोर्ड आले. सरकारने धंद्याला सुधारण्याची मुदत दिली. जखमांचे प्रमाण हटेना. शेवटी १० डिसेंबर २०२४ ला शर्यतविषयक मंत्री विन्स्टन पीटर्स यांनी, जे शर्यत उद्योगाचे जुने पाठीराखे म्हणून ओळखले जातात, वीस महिन्यांत शर्यती थांबवण्याची घोषणा केली. त्या दिवसापासून मालकांनी कुत्रे मारून मोकळे होऊ नये यासाठी संसदेने तातडीने कायदा करून आर्थिक कारणासाठी कुत्रा मारण्यास मनाई केली. सुमारे २,९०० कुत्र्यांना घरे शोधायची आणि हजारभर लोकांना दुसरे काम, दोन्हींसाठी वेळ राखला. बेअर्ड यांनी जे केले नव्हते ते हेच. मकाऊमध्ये २०१८ साली कॅनिड्रोम बंद झाले तेव्हा ५३३ कुत्रे मागे राहिले, ते सरकारला ताब्यात घ्यावे लागले आणि चालक कंपनीला दंड झाला. कंपनीला दोन वर्षांची मुदत आधीच दिलेली होती. मुदतीच्या जोडीला जबाबदारीची अंमलबजावणी नसली की असे होते.

महाराष्ट्राला हा प्रश्न अगदीच परका नाही. कुत्र्यांच्या शर्यती आपल्या ग्रामीण भागात आणि पंजाबात होतात. किला रायपूरच्या खेळांत तर ग्रेहाउंड धावत आले आहेत. पण राज्याने नियमन करून परवानगी दिलेला प्राण्यांचा खेळ म्हणजे आपली बैलगाडा शर्यत. २०१७ चा राज्याचा कायदा, डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेली परवानगी आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल, यानंतर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकीय तपासणी आणि कमाल १,००० मीटरची धाव अशी चौकट आहे. ही चौकटही शर्यतीच्या दिवसापुरती आहे. धावणे संपलेल्या बैलाची नोंद कोणत्या वहीत होते, हे आताच विचारायला हवे, कारण आपल्याकडे बक्षिसांच्या रकमा आणि लोकप्रतिनिधींची उपस्थिती दोन्ही झपाट्याने वाढत आहेत.

पुन्हा कुत्र्यांकडे. एका राज्यात शर्यत थांबली म्हणून पैज थांबत नाही, आणि माझ्या दृष्टीने आजच्या देखरेखीतले सर्वांत मोठे भोक तेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशाने एप्रिल २०१८ मध्ये शर्यती बंद केल्या, पण कॅनबराच्या लोकांना सीमेपलीकडच्या न्यू साउथ वेल्समध्ये गुलबर्नला कुत्रे नेऊन धाववता येतात. फ्लोरिडाच्या घटनादुरुस्तीने त्या राज्यात होणाऱ्या शर्यतींवरची पैज रोखली, बाहेर होणाऱ्यांवरची नाही. तिथे बसून वेस्ट व्हर्जिनियाच्या कुत्र्यावर डॉलर लावता येतो. टास्मानियाच्या मुख्यमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये २०२९ च्या जूनपर्यंत सरकारी पैसा थांबवून शर्यती संपवू असे सांगितले, पण होबार्टमधला माणूस मोबाइलवर त्याच संध्याकाळी व्हिक्टोरियातल्या पाच मैदानांवर खेळू शकतो. या प्रत्येक पैजेतून, पैज लावणारा जिथे बसला आहे तिथले सरकार कर घेते. तो कर जिथे गोळा होतो तिथल्या विधिमंडळाने त्यातला ठरावीक भाग, ब्रिटनच्या ठेवीसारखा, धावणाऱ्या त्या कुत्र्याच्या चिपच्या क्रमांकावर बांधायला हवा, मग कुत्रा कोणत्याही राज्यात जन्मलेला असो. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. प्रत्येक पैजेत कुत्र्याचे नाव आणि धाव क्रमांक आधीपासूनच नोंदला जातो.